तंगूस

डोळे मिटा, काका, मसुरकर सिस्टर म्हणाली,
तळव्याला लागलं की नुसतं हूं म्हणा.

मिटले.
आरोग्य केंद्राचा पंखा कुरकुरत होता,
बाहेर कुणाचं तरी पोर इंजेक्शनाच्या नावाने रडत होतं.
बराच वेळ गेला तसा मी म्हटलं,
"सुरू कधी करतलंस, बाये?"
ती म्हणाली, "उजवा झाला.
दहा जागी टेकवलं. आता डावा."

डाव्याने चारदा हूं म्हटलं.

मग तिच्या हातातली वस्तू बघितली.
काडीला बसवलेला बोटभर तंगूस.
आपला साधा, गरीचा तंगूस.

ह्या धाग्यावर मी पन्नास वर्षं काढली.
वीस वाव पाण्याखाली
मासा तोंड लावतो की नुसता हुंगून जातो
ते तर्जनीच्या पेराला कळायचं,
काळोखात, तोंडात बिडी असताना.
शेंगटी असेल तर शेंगटी,
तांबोशी असेल तर तांबोशी.
झील विचारायचा, "बाबा, कळता कसा?"
मी सांगायचो, बोट ऐकता.

आणि परवा तोंडवळीच्या खडपावर
कालवाची शिंप अंगठ्यात शिरली,
मी तसाच घरी चालत आलो.
ओटीवरचे ठसे बघून शेवंती ओरडली,
"ह्या रगात खंयचा?"
मीही तिच्याबरोबर शोधू लागलो.

सिस्टर म्हणाली, पाठीच्या कण्यातून पायापर्यंत
दोऱ्या जातात. रक्तात साखर मुरत राहिली
की लांबची दोरी आधी कुजते.
हे मला समजावून सांगायला नको होतं.
नांगराकडचं टोक आधी जातं.
हातात असतं ते शेवटपर्यंत चांगलं दिसतं.

दुखत नाही म्हणजे बरं आहे,
इतकंच मला माहीत होतं.
दुखणं हा राखणदार होता.
दर वर्षी वेशीवरच्या राखणदाराला नारळ ठेवला,
ह्याला मात्र शिव्याच दिल्या,
गोळ्या घेऊन गप्प बसवला.
तो उठून गेला त्याला वर्षं झाली असतील.
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

होडी मी दर पावसाळ्याआधी वर ओढतो.
कलती करून तळाची खपली खरवडतो,
फटीफटीत बोट फिरवतो, चंद्रूस भरतो.
एकही फळी अशी नाही जी मला तोंडपाठ नाही.
स्वतःचा तळ
सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बघितला,
शेवंतीच्या कुंकवाच्या आरशात.
भेगा. एक जुना व्रण, कशाचा ते आठवेना.
टाच अशी, जणू दुसऱ्याच कुणाची.

आता रोज रात्री जेवण झालं की आरसा.
नातू बॅटरी धरतो, बेचक्या मोजतो,
"आजोबा, हय ओला आसा," म्हणून फडकं आणतो.
पाणी आधी कोपराने बघायचं, मग पाय.
अनवाणी नाही.
वाळूतपण नाही? मी विचारलं होतं.
वाळूत तर नाहीच, काका.
देवळात?
तिने जरा विचार केला.
"दुपारची फरशी तापते. संध्याकाळी जा."

इनास म्हणतो, तू सायब झालंस रे, चपला घालून पुळणीवर.
त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंतच आहे.
तो हसतो, मग मीही हसतो,
मग दोघं समुद्राकडे बघतो.

अंगठा भरत आला.
तीन महिन्यांची साखर अजून वर आहे,
भात निम्मा, पेज मात्र सोडवत नाही,
सिस्टरला ते सांगितलेलं नाही.

घरात सगळी निजली की
जाळ्याच्या पेटीतून तंगसाचा तुकडा काढतो.
पाय मांडीवर घेतो, डोळे मिटतो,
टेकवतो. थांबतो.
पुढची जागा. थांबतो.
गरवायला बसल्यासारखा,
ओहोटीला, काही लागत नसलेल्या रात्री.

काल टाचेच्या कडेला
काहीतरी हुंगून गेलं.
पंख्याचा वारा असेल.

दोरी तशीच धरून
मी अजून थोडा वेळ बसलो.